वामन शिवराम आपटे : शाळेतून घडलेला कोशकार



विलेपार्ल्याचे पार्ले टिळक विद्यालय १९२१ साली, लोकमान्यांच्या निधनाला वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच, सुरू झाले. आपल्यापैकी काहीजण तेथे शिकले असतील, काहींची मुले आज तेथे शिकत असतील. टिळकांचे नाव शाळेला का दिले गेले, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मात्र टिळक स्वतः ज्या शाळेत शिकवीत होते, त्या पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे सुपरिंटेंडेंट, म्हणजे आजच्या भाषेत मुख्याध्यापक, कोण होते असे विचारले तर उत्तर चटकन सुचत नाही. ते वामन शिवराम आपटे. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आपण ग्रंथालयात पाहिला असेल. कोशकार म्हणून ते परिचित आहेत. शाळेतील भाषाध्यापनाची घडी बसविणारे शिक्षक म्हणून त्यांची ओळख येथे करून घ्यावयाची आहे.

आपटे यांचा जन्म १८५८ साली सावंतवाडी संस्थानातील असोलोपाल या गावी झाला. लहानपणीच वडील गेले. पुढे कोल्हापुरास आल्यावर आई आणि भाऊ यांचेही छत्र हरपले. अशा मुलाचे शिक्षण त्या काळी सहज खंडित झाले असते. ते झाले नाही, याचे श्रेय त्यांच्या बुद्धीइतकेच शिष्यवृत्तीलाही द्यावे लागते. १८७३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली आणि डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला. तेथे कीलहॉर्न संस्कृतचे प्राध्यापक होते. पाणिनी आणि पतंजली यांच्याकडे काटेकोर भाषाशास्त्रीय दृष्टीने पाहण्याची शिस्त त्या कॉलेजात होती. १८७९ मध्ये आपटे एम.ए. झाले. सरकारी नोकरी त्यांना सहज मिळाली असती. ती वाट सोडून ते विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांच्या नव्या शाळेत आले.

ही शाळा जानेवारी १८८० मध्ये सुरू झाली होती. आज माध्यमिक शाळेत भाषा व सामाजिक शास्त्रे यांचा विभाग म्हटला की विभागप्रमुख, वार्षिक नियोजन, घटकचाचणी असे चित्र उभे राहते. त्या वेळी यांपैकी काहीच तयार नव्हते. मुख्य भांडवल होते ते शिक्षकांचे. संस्कृत आपट्यांकडे, गणित टिळकांकडे (ते संस्कृतही शिकवीत), इतिहास आणि तर्कशास्त्र आगरकरांकडे, इंग्रजी वासुदेवराव केळकरांकडे, ही जी विभागणी पुढे फर्ग्युसन कॉलेजात स्थिर झाली, तिची मुळे याच शाळेत आहेत. जो ज्या विषयात मुरलेला, त्याने तो विषय शिकवावा, हे तत्त्व आज साधे वाटते. पण ते पाळायचे तर कोणीतरी रोजचे तास, वर्ग आणि माणसे जुळवावी लागतात.

१८८२ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. मार्चमध्ये विष्णुशास्त्री वारले. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना शिक्षा झाली आणि ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. दोन वर्षांची शाळा, आणि तिचे तीन आधारस्तंभ एकाच वर्षात वर्गाबाहेर. शाळा बंद पडली नाही. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे शाळेच्या वतीने साक्ष दिली ती आपट्यांनी. तुरुंगातील १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले आणि ते आपण वाचतो. त्या काळात शाळा सांभाळणाऱ्याने काही लिहून ठेवले नाही. वेळापत्रके जपून ठेवण्याची आपल्याकडे रीत नाही.

आता त्यांच्या अध्यापनसाधनांकडे वळू. १८८१ मध्ये आपट्यांचे संस्कृत रचनेचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध झाले. संस्कृत शिकणे म्हणजे रूपे पाठ करणे, ही समजूत तेव्हा होती आणि आजही पुरती गेलेली नाही. आपट्यांनी रूपांऐवजी वाक्याला केंद्रस्थानी ठेवले. पदांचा अन्वय, विभक्तींचा उपयोग, कालार्थांचे प्रयोग असे प्रकरणवार विवेचन, त्याला कालिदास, भवभूती, बाण यांच्या ग्रंथांतील उदाहरणे आणि शेवटी विद्यार्थ्याने स्वतः वाक्ये रचावीत म्हणून स्वाध्याय. इंग्रजी व्याकरणातील वाक्यपृथक्करणाची पद्धतही त्यांनी संस्कृतला लावून पाहिली. एका वर्गाचा अनुभव दुसऱ्या वर्गाला, एका शिक्षकाचा दुसऱ्या शिक्षकाला मिळावा, हे काम असे पुस्तक करते.

येथे एक उणीवही नोंदविली पाहिजे. हे पुस्तक इंग्रजीत आहे. मराठी घरातील मुलगा संस्कृत शिकणार, तेही इंग्रजीच्या द्वारे! हायस्कूलच्या वरच्या वर्गांचे माध्यम इंग्रजी होते आणि मुंबई विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात मराठीला जागा नव्हती. परीक्षेचे बंधन आपट्यांना मोडता येण्यासारखे नव्हते. तरीही निबंधमालाकारांच्या शाळेत मराठीचे शास्त्रशुद्ध अध्यापन मागे राहावे, ही विसंगती मला नेहमी खटकत आली आहे. ती काही अंशी भरून निघाली ती आगरकरांच्या ‘वाक्यमीमांसे’ने. १८८८ मधील या ग्रंथात त्यांनी पृथक्करणाची तीच पद्धत मराठी वाक्याला लावली. इंग्रजीकडून संस्कृतकडे आणि मग मराठीकडे असा हा प्रवास एकाच शिक्षकवर्गात सात वर्षांत घडला, हा निव्वळ योगायोग नसावा.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. आपटे त्याचे पहिले प्राचार्य. सहकाऱ्यांत पुढे आजीव सदस्यांच्या बाहेरच्या कामांवरून व मिळकतीवरून वाद पेटला आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी आपट्यांचा मोठा कोश प्रसिद्ध झाला. मोनिअर विल्यम्स यांचा कोश आधीच उपलब्ध होता. पण शाळा-कॉलेजात काव्य, नाटक, अलंकार, न्याय वाचणाऱ्यास नेमक्या अर्थासह त्या त्या ग्रंथातील प्रयोग हवा असतो. तो आपट्यांनी दिला. कोश हाताशी असेल तर त्याची परिशिष्टे अवश्य उघडून पाहावीत. वृत्तविचार, ग्रंथकारांची माहिती, प्राचीन भूगोलातील नावे, असे वर्गात विद्यार्थी हमखास विचारतात तेच तेथे सापडेल.

९ ऑगस्ट १८९२ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, आपटे निवर्तले. प्राचार्यपद आगरकरांकडे आले. तेही तीनच वर्षांनी गेले. कोशाची परशुराम कृष्ण गोडे व चिं. ग. कर्वे यांनी संपादिलेली वाढीव आवृत्ती १९५७ पासून पुण्यातून तीन खंडांत निघाली, आणि ग्रंथालयात आपल्या हाती बहुधा तीच येते.