चित्रांतून रामायण सांगणारे औंधचे राजे

आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ थोर राजे होऊन गेले. कुणी लढाया जिंकल्या, कुणी किल्ले बांधले. पण मी ज्यांची माहिती लिहिली आहे त्या राजांनी हातात कुंचला घेतला. ते म्हणजे औंधचे राजे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

औंध आपल्या सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. पूर्वी ते एक लहान संस्थान होते. त्याची गावं सलग नव्हती. ताटाबाहेर दाणे सांडावेत तशी ती विखुरलेली होती. काही औंधच्या आसपास, काही आजच्या सांगली जिल्ह्यात आटपाडी आणि कुंडलकडे, तर काही लांब विजापूरकडे.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव श्रीनिवासराव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते बी. ए. झाले. सन १९०९ मध्ये ते औंधच्या गादीवर बसले. त्यांना चित्रकलेची फार आवड होती. ते कीर्तनही करायचे. राजा असून देवळात उभं राहून कीर्तन करायचं, म्हंजे बघा!

राजाला काय, हुकूम केला की चित्रकार हजर. पण बाळासाहेब स्वतः चित्रं काढायला बसले. त्यांनी रामायणातले प्रसंग ओळीने रंगवले आणि सन १९१६ मध्ये त्यांचं चित्ररामायण छापून निघालं. त्या काळी खेड्यातल्या बहुतेक माणसांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण चित्र बघायला अक्षर यावं लागत नाही. आपल्याकडे चित्रकथी लोक पूर्वीपासून एकेक चित्र पुढं धरून रामायण-महाभारताच्या गोष्टी गात सांगायचे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात पिंगुळी गावी ही कला अजून आहे. आपण आवडीने वाचतो ती अमर चित्रकथा अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केली. म्हणजे आपल्या औंधच्या राजांचं चित्ररामायण तिच्याही ५१ वर्षं आधीचं आहे.

बाळासाहेब रोज सूर्यनमस्कार घालत. आपल्या संस्थानातल्या शाळांत त्यांनी मुलांनाही ते शिकवले. त्यांनी सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलं, त्यातही एकेक अवस्था चित्राने दाखवली. मला वाटतं ही पण एक चित्रकथाच झाली. पहिल्या चित्रात माणूस उभा, मग वाकलेला, मग आडवा, आणि शेवटी परत उभा.

त्यांनी गुणी माणसांना आसरा दिला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगाव सोडावं लागलं तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळ माळावर जागा दिली. तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पुढे तिथूनच शंकरराव किर्लोस्कर यांनी मासिक काढलं. ते स्वतः व्यंगचित्रंही काढायचे. गीतरामायण लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे आटपाडी तालुक्यातले. ते औंधच्या शाळेत शिकले. एकाच संस्थानात राजांनी रामायण चित्रांतून सांगितलं आणि तिथल्याच एका विद्यार्थ्याने पुढे १९५५ साली ते गाण्यांतून सांगितलं.

सन १९३९ मध्ये बाळासाहेबांनी आपला कारभार गावकऱ्यांच्या पंचायतींच्या हाती दिला. त्याच साली आटपाडीजवळ कैद्यांसाठी स्वतंत्रपूर वसलं. तिथे तुरुंगाची भिंत नव्हती. कैदी शेती करायचे. त्यावरून पुढे दो आंखें बारह हाथ हा सिनेमा निघाला.

आमची सहल औंधला गेली होती. यमाईच्या डोंगराच्या वाटेवर बाळासाहेबांनी १९३८ मध्ये उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. राजा रविवर्मा यांची चित्रं मी तिथं पहिल्यांदा पाहिली. हेन्री मूर या इंग्लंडच्या शिल्पकाराचं आई आणि बाळाचं दगडी शिल्प पण आहे. एवढी मोठमोठी चित्रं राजवाड्यात न ठेवता सगळ्यांना बघायला ठेवली, हे मला लई आवडलं.

आता माझी गोष्ट सांगतो. मी वहीच्या मागच्या पानांवर चौकटी पाडून चित्रकथा काढतो. एक पाहुणे मला सगळ्यांदेखत बोलले, की हा नुसती पानं नासतो. मला रडू आलं. मी आठ दिवस चित्र काढलं नाही. पण औंधहून आल्यावर मी परत पेन्सिल घेतली. मी माझ्या आजीची गोष्ट काढली. १९७२ च्या दुष्काळात आजी लहान होती. तिची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि आजी तिला पाणी न्यायची. मी आठ चौकटी काढल्या. आजीला वाचता येत नाही, म्हणून अक्षर एकही लिहिलं नाही.

आजीने चष्मा लावला आणि एकेका चौकटीवर बोट ठेवत सगळी गोष्ट मलाच सांगितली. मी न काढलेलं पण सांगितलं. तेव्हा मला कळलं, की दोन चौकटींच्या मधली गोष्ट बघणाऱ्याच्या मनात घडते. मग ती तिच्या आईपाशी थांबली. तिच्या आईचा फोटो कधी काढलाच नव्हता. आजी म्हणाली की कुंकू मोठं होतं आणि पदर डोक्यावर असायचा. मी खोडरबरने खोडून तीनदा काढलं. तिसऱ्यांदा आजी काही बोलली नाही. तिने ते पान मागून घेतलं. आता ते देवाच्या फळीवर आहे. त्यामुळे ते इथे लावता आलं नाही, पालकांनी माफ करावं.

बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ रोजी वारले. त्यांचं संस्थान १९४८ सालीच भारतात सामील झालं होतं. राज्य गेलं, पण चित्रं राहिली. तुम्ही पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांची गोष्ट विचारा आणि चौकटी पाडून काढा. चित्र वाकडं आलं तरी चालतं.

चित्रांतून गोष्ट सांगणाऱ्या या थोर राजांना माझे शतशः प्रणाम.

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी