विश्लेषण : खेळाडूच्या मनाचा अभ्यास विद्यापीठात नेणारे कोलमन ग्रिफिथ कोण होते?

धाराशिव जिल्ह्याची क्रीडाविश्वातील ओळख म्हणजे खो-खो. सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कारही मिळाला. या खेळात पाठीमागून ‘खो’ मिळताच क्षणार्धात उठून धावावे लागते. तो क्षण पायांचा असतो तितकाच डोक्याचाही. हेच शंभर वर्षांपूर्वी मोजू पाहणाऱ्या प्राध्यापकाची ही कहाणी.

सुरुवात कशी झाली?

कोलमन ग्रिफिथ यांचा जन्म १८९३ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. इलिनॉय विद्यापीठात मानसशास्त्र शिकत असतानाच १९१८ च्या सुमारास ते फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळाडूंचे निरीक्षण करू लागले. १९२० मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली. १९२३ मध्ये त्यांनी त्याच विद्यापीठात मानसशास्त्र आणि खेळ हा अभ्यासक्रम सुरू केला.

प्रयोगशाळेत काय चालायचे?

१९२५ मध्ये विद्यापीठाने त्यांच्यासाठी क्रीडा संशोधनाची प्रयोगशाळा उभारली. प्रकाश, आवाज किंवा स्पर्श जाणवल्यावर खेळाडू किती वेळात हालचाल करतो, स्नायू कधी ताणले जातात, कौशल्य कसे आत्मसात होते, हे तिथे मोजले जाई. ग्रिफिथ मैदानावरही जात. १९२४ मध्ये मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन करणारे रेड ग्रेंज यांच्याशी ते बोलले. ग्रेंज यांना त्या धावांचे तपशील फारसे आठवत नव्हते. पक्क्या सरावाने हालचाल इतकी अंगवळणी पडते की खेळाडूला ती विचार करून करावी लागत नाही, हे यातून दिसले.

मग काम थांबले का?

मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, निधीअभावी प्रयोगशाळा बंद पडली. १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकांनी त्यांना बोलावले. ग्रिफिथ यांनी खेळाडूंचे चित्रीकरण केले, नोंदी ठेवल्या आणि सराव प्रत्यक्ष सामन्यासारखा असावा, असे सुचवले. पण संघाचे व्यवस्थापक चार्ली ग्रिम यांना ही ढवळाढवळ वाटली. अहवाल लिहिले गेले, मैदानावर फारसे उतरले नाहीत.

पुढे ग्रिफिथ विद्यापीठाच्या प्रशासनात मोठ्या पदावर पोहोचले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी रोममध्ये क्रीडा मानसशास्त्राची पहिली जागतिक परिषद भरली होती. अमेरिकेत त्यांना या विषयाचे जनक म्हणतात. मात्र त्यांचे काम पुढे नेणारी शिष्यांची फळी उभी राहिली नाही, त्यामुळे विषय तिथे कित्येक वर्षे मागे पडला.

धाराशिवच्या विद्यार्थ्यांसाठी याचा अर्थ काय?

आज वाट तुलनेने सोपी आहे. बारावीनंतर मानसशास्त्रात पदवी घेऊन पुढे या विषयाकडे वळता येते. बीपीएडच्या अभ्यासक्रमातही क्रीडा मानसशास्त्र आहे. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत त्याचा स्वतंत्र विभाग आहे. २०११ चा क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघासोबत पॅडी अप्टन हे मानसिक तयारीचे प्रशिक्षक होते.

पण ग्रिफिथ यांच्या आयुष्यातून एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्यांच्याकडे ज्ञान होते, उपकरणे होती. प्रशिक्षकाचा विश्वास मात्र नव्हता. त्यामुळे पदवी घेऊन गावाकडे परतणाऱ्याला आधी मैदानावर, प्रशिक्षकाच्या शेजारी उभे राहावे लागेल.