ॲकरमन नावाचा एजंट

ऑटोमोबाईलच्या व्हायवात सरांनी ॲकरमन कोण ते विचारलं. मी बिनधास्त ठोकून दिलं की स्टिअरिंगचा शोध लावणारा इंजिनिअर! काकांच्या जुन्या फियाटचा टाय-रॉड फिरवून टो-इन जुळवलेला मी. पण वळणावर आतलं चाक जास्त वळावं लागतं हे ज्याच्या नावानं शिकलो, त्याची माहिती काढली ती मार्क गेल्यावर.

रुडॉल्फ ॲकरमन १७६४ सालचा, सॅक्सनीतला. बाप खोगीरं बनवायचा. पोरगा घोडागाड्यांची डिझाईन्स काढायला शिकला, लंडनला गेला आणि १७९५ मध्ये स्ट्रँडवर छापील चित्रांचं दुकान थाटलं. १८०६ मध्ये नेल्सनची अंत्ययात्रा निघाली, तिच्या रथाच्या तयारीचं कामही त्याच्याकडेच.

तेव्हा घोडागाडीचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्यावर फिरायचा. जास्त वळवला की गाडी कलंडायची भीती. म्युनिकच्या लँकेनस्पर्गरनं दोन्ही चाकं आपापल्या खिळ्यावर वळवली. त्याचा एजंट म्हणून ॲकरमननं १८१८ मध्ये लंडनला पेटंट घेतलं. तिथल्या गाडीवाल्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. ॲकरमन १८३४ मध्ये गेला. पुढे मोटारी आल्या, आणि पुस्तकात नाव राहिलं एजंटचं.

लँकेनस्पर्गरचं स्पेलिंग मला तीनदा तपासावं लागलं.