गालिचे विकणारा डॉक्टर आणि बायकांची ‘पॅप टेस्ट’

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पॅप टेस्ट करतात, हे आरोग्य शिबिरात बऱ्याच जणींनी ऐकलं असेल. त्यातलं ‘पॅप’ म्हणजे एका डॉक्टरच्या आडनावाचा तुकडा. डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ.

जन्म १८८३ चा, ग्रीसमधल्या कीमी गावचा. वडील डॉक्टर. जॉर्जही अथेन्सला शिकून डॉक्टर झाले, पण दवाखान्यात मन रमेना. जर्मनीत जाऊन संशोधनाची पदवी घेतली आणि १९१३ मध्ये पत्नी मेरीला घेऊन न्यूयॉर्क गाठलं. भाषा येईना. शिकलासवरलेला डॉक्टर एका मोठ्या दुकानात गालिचे विकायला उभा राहिला, अन् मेरीबाई तिथंच बटणं शिवत बसल्या.

पुढं कॉर्नेलच्या मेडिकल कॉलेजात काम मिळालं. आधी गिनीपिगच्या मादीच्या योनीतला स्राव काचपट्टीवर घेऊन तपासला, नंतर बायकांचा. मेरीबाई नवऱ्याच्या प्रयोगशाळेत राबल्याच, वर वर्षानुवर्षे स्वतःचा नमुनाही देत राहिल्या. त्यांचं नाव मात्र कुठल्या टेस्टला नाही!

स्रावात कॅन्सरच्या पेशी दिसतात हे त्यांनी १९२८ मध्ये मांडलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबत १९४१ मध्ये निबंध आणि १९४३ मध्ये पुस्तक आलं, तेव्हा कुठं जग वळलं. १९ फेब्रुवारी १९६२ ला ते गेले.

टेस्ट सोपी, पण काम नाजूक. नमुना पट्टीवर पसरला की लगेच अल्कोहोलमध्ये बुडवावा लागतो. हवेत वाळला तर पेशी फुगतात, पुसट दिसतात. पट्टीवर हजारो पेशी, त्यात वाईट मोजक्याच. तपासणाऱ्याचा डोळा थकला की त्या निसटतात, आणि ‘नॉर्मल’ असा कागद घेऊन बाई घरी जाते. पुन्हा येते ती रक्तस्राव सुरू झाल्यावर.

अमेरिकेत १९८७ मध्ये असाच प्रकार पत्रकारांनी उघड केला. काही लॅबमध्ये पट्ट्या घाईघाईनं उरकल्या जात होत्या. १९८८ ला कायदा आला. त्यामुळं पुढं एका माणसानं दिवसात १०० च्या वर पट्ट्या बघायच्या नाहीत, आणि ‘नॉर्मल’ ठरलेल्यातल्या किमान १० टक्के दुसऱ्यानं पुन्हा बघायच्या, असा नियम झाला.

आपल्याकडंही या टेस्टची कसोटी लागली. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, गावोगावच्या १ लाख ३१ हजार बायकांचा मोठा अभ्यास झाला. २००९ ला त्याचा निकाल छापून आला. एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच झाली, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅपच्या गटात तसा ठळक फरक दिसला नाही. पट्टी वाचायला तरबेज डोळा लागतो, तो गावाजवळ सहजी मिळत नाही. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी एचपीव्ही तपासणी पुढं येतेय.