हात धुवायला सांगणारा डॉक्टर

व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. एक दिवस पहिल्या विभागाचा भरतीचा वार, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा. पहिल्या विभागात शंभरांतल्या सुमारे दहा बाळंतिणी तापाने दगावत, दुसऱ्यात चारांहूनही कमी. शहरातल्या गरीब बायकांना हे पक्के ठाऊक होते. पहिल्या विभागाचा वार निघाला की त्या हातापाया पडून दुसरीकडे पाठवा म्हणत. काही जणी तर रस्त्यावरच बाळंत होणे पत्करीत, आणि नवल म्हणजे त्या बहुधा वाचत.

१८४६ साली या पहिल्या विभागात इग्नाझ सेमेलवाइस हा अठ्ठावीस वर्षांचा डॉक्टर साहाय्यक म्हणून रुजू झाला. बुडा शहरातल्या एका किराणा व्यापाऱ्याचा हा मुलगा. व्हिएन्नाला आला होता कायदा शिकायला, पण रमला वैद्यकीत. त्या मृत्यूंनी त्याची झोप उडवली. त्याने हिशेबनीसासारखे दोन्ही विभाग शेजारी शेजारी मांडले. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्या विभागात जास्त. बायकांना कुशीवर निजवून पाहिले, फरक नाही. मरणाऱ्या बाईकडे घंटा वाजवीत जाणाऱ्या पाद्र्याच्या धास्तीने इतर जणी खचत असतील म्हणून घंटा बंद करवली, वाट बदलवली. तरीही मृत्यू थांबेनात.

१८४७ च्या मार्चमध्ये त्याचा स्नेही प्राध्यापक कोलेच्का वारला. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याच्या शवाच्या तपासणीत जे आढळले, तेच बाळंतिणींच्या शवात आढळत असे. सेमेलवाइसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डॉक्टर आणि विद्यार्थी शवागारातून थेट बाळंतिणीच्या खाटेशी येत होते. सुईणी शवविच्छेदन करीत नव्हत्या. जंतूंचा सिद्धान्त तेव्हा मांडला गेला नव्हता, तो पुढे पाश्चर आणि कॉख यांनी मांडायचा होता. साबणाने हात धुऊनही मुडद्याचा वास जात नाही, एवढे मात्र सेमेलवाइसला दिसत होते. मेच्या मध्यापासून, आज आपण जिला ब्लीचिंग पावडर म्हणतो तशा पाण्याने हात धुतल्याशिवाय कोणी आत यायचे नाही, असा नियम त्याने केला. एप्रिलमध्ये शंभरांत अठरा बायका गेल्या होत्या. जूनमध्ये दोनच गेल्या. १८४८ मध्ये दोन महिने तर एकही मृत्यू झाला नाही.

माझी उभी नोकरी बँकेत गेली. लेजर जाऊन संगणक आले तेव्हा वरून परिपत्रक आले, त्यात यंत्राचे गुणगान होते आणि कारकुनांच्या चुकांची यादी. यंत्र चांगलेच होते. पण ती यादी वाचून तीस वर्षे बेरजा चुकू न देणारी माणसे जी बिथरली, ती निवृत्त होईपर्यंत सरळ झाली नाहीत. व्हिएन्नातल्या प्रकरणात तर बेरजेच्या चुकीचा नव्हे, बायकांच्या जिवाचा प्रश्न होता. हात धुणे मान्य करायचे म्हणजे आजवरच्या बाळंतिणी आपल्याच हातांनी मेल्या हे मान्य करायचे. विभागप्रमुख क्लाइन यांना ते कसे पचावे? त्यांच्याच कारकीर्दीत शवविच्छेदने वाढली होती. कील शहरातल्या मिखाएलिस नावाच्या प्राध्यापकाने हे मानले, आणि त्याच्या हातून बाळंतपण झालेली नात्यातली एक तरुणी त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. १८४८ मध्ये त्याने आगगाडीखाली जीव दिला.

सेमेलवाइसने स्वतःलाही सोडले नव्हते. रोज पहाटे शवागारात जाणाऱ्यांत तोच सर्वांत उत्साही होता, आणि आपल्या हातून किती बायका गेल्या याची त्याने पुढे उघड कबुली दिली. ही कबुली त्याने सहकाऱ्यांना आधी, शांतपणे, विश्वासात घेऊन दिली असती तर? पण त्याला लिहायचा कंटाळा होता. हेब्रा आणि श्कोडा हे मित्रच त्याच्या वतीने लिहीत-बोलत, आणि परगावी अर्धवट समजलेली गोष्ट पोचे. पाण्याच्या वासाला आणि फुटणाऱ्या कातडीला कंटाळलेल्या विद्यार्थ्यांवर तो डाफरे. १८४९ मध्ये त्याची मुदत संपली, ती वाढवली गेली नाही. पुढच्या वर्षी शिकवायची परवानगी मिळाली, पण फक्त बाहुलीवर. अपमान गिळून राहणे त्याच्या स्वभावात नव्हते. ज्या मित्रांनी त्याच्यासाठी रदबदली केली, त्यांचाही निरोप न घेता तो पेस्टला निघून गेला.

तिथल्या सेंट रोखुस इस्पितळात त्याने सहा वर्षे मृत्यूंचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली ठेवले. विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर धुतलेल्या चादरींसाठी तो कारभाऱ्यांशी भांडला. १८५७ मध्ये लग्न केले, मुले झाली. ग्रंथ लिहिला तो १८६१ मध्ये, शोधानंतर चौदा वर्षांनी. लांबलचक आणि रागाने भरलेला. तो कोणी मनावर घेईना, तेव्हा त्याने युरोपातल्या नामवंत प्राध्यापकांना जाहीर पत्रे लिहून खुनी ठरवले. बायको आणि मित्र हवालदिल झाले. त्याचे वागणेही हळूहळू बिघडत गेले.

१८६५ च्या जुलैअखेर हेब्राने त्याला नवे इस्पितळ दाखवायच्या मिषाने व्हिएन्नातल्या वेड्यांच्या इस्पितळात नेले. तिथे पहारेकऱ्यांनी त्याला मारहाण केली. १३ ऑगस्टला तो वारला, वय सत्तेचाळीस. जखमेतून रक्तात विष भिनले होते. कोलेच्काचेही असेच झाले होते. आदल्याच दिवशी ग्लासगोत जोसेफ लिस्टरने एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक अॅसिडची पट्टी बांधली होती.

पेस्टच्या प्रसूतिगृहात त्याच्या जागी दुसरे प्राध्यापक आले. बाळंतिणींचे मृत्यू पुन्हा वाढले. कोणी चौकशी मागितली नाही.