हजार चेहऱ्यांचा मूकनट : लॉन चेनी

१९३० सालच्या ऑगस्ट महिन्यात लॉस एंजेलिसमधील एका रुग्णालयात अमेरिकेतील एक अत्यंत लोकप्रिय नट मृत्यूशी झुंज देत होता. अवघ्या काही आठवड्यांपूर्वी त्याचा पहिला बोलपट प्रदर्शित झाला होता आणि त्यात त्याने पाच निरनिराळे आवाज काढून प्रेक्षकांना थक्क केले होते. आता मात्र कर्करोगाने त्याची वाचाच हिरावून घेतली होती. अखेरच्या दिवसांत तो जवळच्या माणसांशी हातांच्या खुणांनी बोलत असे. ही भाषा त्याला नव्याने शिकावी लागली नाही. ती त्याची बालपणापासूनची भाषा होती. २६ ऑगस्ट रोजी वयाच्या ४७ व्या वर्षी त्याचे निधन झाले. या नटाचे नाव लॉन चेनी.

१ एप्रिल १८८३ रोजी कोलोरॅडो राज्यातील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी त्याचा जन्म झाला. त्याचे पाळण्यातले नाव लिओनिडास फ्रँक चेनी. वडील केशकर्तनाचा व्यवसाय करीत. आई आणि वडील दोघेही कर्णबधिर होते. आईच्या वडिलांनी १८७४ साली कोलोरॅडोमध्ये मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली होती. घरात बोललेला शब्द ऐकू जात नसल्यामुळे मनातले सारे काही चेहऱ्यावरून, डोळ्यांतून आणि बोटांतून सांगण्याची सवय लॉनला लहानपणीच लागली. तो शाळेच्या खालच्या इयत्तेत असताना आईला संधिवाताने ग्रासले आणि तिने अंथरूण धरले. तिची शुश्रूषा आणि धाकट्या भावंडांची देखभाल करण्यासाठी लॉनला शाळा सोडावी लागली. दिवसभर गावात काय घडले, कोण कसे चालले, कोण कसे रागावले, हे तो आईच्या उशाशी बसून अभिनयाने दाखवीत असे. त्याचा पहिला प्रेक्षक म्हणजे ही अंथरुणाला खिळलेली, ऐकू न येणारी आई.

पुढे त्याने मिळेल ते काम केले. पाइक्स पीक या शिखरावर येणाऱ्या प्रवाशांना वाट दाखविली, घरांच्या भिंतींना कागद लावले, गालिचे अंथरले. गावातल्या ऑपेरा हाऊसमध्ये तो रंगमंचावरील सामान मांडणारा पोऱ्या म्हणून राबला. १९०२ च्या सुमारास तो स्वतः रंगमंचावर उभा राहिला आणि फिरत्या संगीत नाटक मंडळ्यांबरोबर गावोगाव हिंडू लागला. नाचणे, विनोदी भूमिका करणे, पडदे रंगविणे, सामान हलविणे अशी सारी कामे त्याने केली. ओक्लाहोमात त्याची क्लीव्हा क्रेटन या तरुण गायिकेशी गाठ पडली. दोघांचा विवाह झाला आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव क्रेटन ठेवण्यात आले.

क्लीव्हाचा आवाज गोड होता. तिचे नाव होऊ लागले, तसे संसारात खटके उडू लागले. मत्सर, संशय आणि पैशाची ओढाताण यांनी दोघांना घेरले. एप्रिल १९१३ मध्ये लॉन लॉस एंजेलिसमधील एका नाट्यगृहात व्यवस्थापनाचे काम पाहत असताना क्लीव्हा तेथे आली आणि तिने विष घेतले. तिचा जीव वाचला, पण गळा कायमचा निकामी झाला. तिची गाण्याची कारकीर्द तिथेच संपली. वर्तमानपत्रांतून प्रकरणाचा बोभाटा झाला. घटस्फोट झाला आणि नाट्यव्यवसायाची दारे लॉनलाही बंद झाली. लहानग्या क्रेटनला काही काळ परक्यांच्या आश्रयाने दिवस काढावे लागले.

नाटकाने नाकारलेला हा माणूस नाइलाजाने सिनेमाकडे वळला. त्या काळी रंगभूमीवरील कलावंत चलच्चित्रांकडे तुच्छतेने पाहत. युनिव्हर्सल कंपनीच्या आवारात रोज सकाळी भूमिकेच्या आशेने माणसांची गर्दी जमे. दिग्दर्शकाचा साहाय्यक बाहेर येऊन आज खलाशी हवेत, आज म्हातारे हवेत, असे पुकारी. चेनीने यावर उपाय शोधला. तो आपली रंगभूषेची पेटी बरोबर नेई आणि जे हवे ते होऊन पुढे उभा राही. अशा रीतीने त्याने युनिव्हर्सलमध्ये काही वर्षांत कितीतरी लघुपटांतून लहान-मोठ्या भूमिका केल्या. १९१५ साली त्याने हेझल हेस्टिंग्ज हिच्याशी विवाह केला आणि मुलाला घरी आणले. मात्र आई मरण पावली, असेच त्या मुलाला सांगण्यात आले.

पाच वर्षे राबूनही चेनीला आठवड्याला शंभर डॉलरच्या पुढे जाता येईना. त्याने १२५ डॉलर मागितले, तेव्हा स्टुडिओच्या व्यवस्थापकाने त्याची लायकी शंभरापलीकडे कधीच जाणार नाही, असे त्याला सुनावले. चेनी बाहेर पडला. काही काळ कामाविना काढल्यावर विल्यम एस. हार्ट या त्या वेळच्या मोठ्या नटाने १९१८ च्या ‘रिडल गॉन’मध्ये त्याला खलनायकाची भूमिका दिली. पुढच्याच वर्षी ‘द मिरॅकल मॅन’ आला. त्यात चेनीने ढोंगी पांगळ्याची भूमिका केली. हातपाय वेडेवाकडे झालेला हा इसम भाविकांच्या गर्दीसमोर सरपटत येतो आणि जणू चमत्कार घडल्याप्रमाणे एकेक अवयव सरळ करीत उभा राहतो. आज या चित्रपटाचे काही मिनिटांचेच तुकडे शिल्लक आहेत, पण तेवढ्या दृश्यावर चेनीचे नाव देशभर झाले.

१९२० च्या ‘द पेनल्टी’मध्ये त्याने दोन्ही पाय गुडघ्यांपासून तोडलेल्या गुंडाची भूमिका केली. लहानपणी शल्यवैद्याच्या चुकीने विनाकारण पाय गमावलेला हा माणूस साऱ्या शहरावर सूड उगवू पाहतो. त्यासाठी चेनीने पाय मागे दुमडून पट्ट्यांनी मांडीला घट्ट बांधले आणि कातडी खोळींत गुडघे घालून तो चालला. रक्तप्रवाह अडत असल्याने हे बंधन फार वेळ सहन होत नसे. थोडे चित्रण झाले की पट्टे सोडावे लागत. हा नट आपल्या देहाशी किती निर्दय होऊ शकतो, हे येथे प्रथम दिसले.

ज्या युनिव्हर्सलने पंचवीस डॉलर वाढवून देण्यास नकार दिला होता, त्याच कंपनीला १९२३ साली कित्येक पट मोबदला देऊन त्याला परत बोलवावे लागले. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरील ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’साठी स्टुडिओच्या आवारात पॅरिसमधील कॅथेड्रलचा भव्य दर्शनी भाग उभारण्यात आला होता. पण चित्रपट पेलला तो चेनीच्या क्वासिमोदोने. पाठीवर प्लास्टरचे जड कुबड, एक डोळा झाकलेला, दात वाकडे, चेहरा विद्रूप. या साऱ्याआडून त्याने एका बहिऱ्या, उपहासाने पिचलेल्या जिवाचे दुःख दाखविले. बहिऱ्या माणसाला जग कसे वागविते, हे त्याला कोणा लेखकाकडून शिकण्याची गरज नव्हती.

१९२५ साली ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ आला. चेनीचा या भूमिकेतील चेहरा कंपनीने प्रदर्शनापूर्वी गुप्त ठेवला होता. नायिका मागून येऊन मुखवटा खेचते आणि पडद्यावर ती जिवंत कवटी दिसते, हा क्षण आजही भयपटांच्या इतिहासात अग्रभागी गणला जातो. नाकाचा शेंडा वर ओढलेला, नाकपुड्या आणि डोळ्यांच्या खोबण्या काळ्या केलेल्या, गालफडे वर आलेली. ही रंगभूषा त्याने स्वतःच केली होती. आपली सर्व रूपे तो स्वतःच घडवीत असे. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या १९२९ च्या आवृत्तीसाठी चित्रपटातील रंगभूषेवर त्यानेच लेखन केले, यावरून त्याचा अधिकार ध्यानात यावा.

मात्र रंगभूषा हे चेनीचे साधन होते, सर्वस्व नव्हे. मेट्रो गोल्डविन मेयर या नव्या कंपनीने तयार केलेल्या पहिल्याच चित्रपटात, १९२४ च्या ‘ही हू गेट्स स्लॅप्ड’मध्ये, त्याने फसविल्या गेलेल्या शास्त्रज्ञाची भूमिका केली. आश्रयदाता त्याचे संशोधनही चोरतो आणि पत्नीही. भर सभेत बसलेली थप्पड विसरता न येणारा हा विद्वान शेवटी सर्कशीत रोज थपडा खाणारा विदूषक होतो. १९२६ च्या ‘टेल इट टू द मरीन्स’मध्ये तर त्याने कोणतेही सोंग न घेता करड्या शिस्तीचा सार्जंट उभा केला. तो चित्रपट अमाप चालला आणि मरीन दलाने त्याला मानद सदस्यत्व दिले.

टॉड ब्राउनिंग या दिग्दर्शकाबरोबर त्याने दहा चित्रपट केले. त्यांतील १९२७ चा ‘द अननोन’ सर्वांत विलक्षण आहे. हात नसल्याचे सोंग करून पायांनी सुऱ्या फेकणारा सर्कशीतला गुन्हेगार एका तरुणीवर प्रेम करतो. तिला पुरुषांच्या हातांची किळस आहे. तिच्यासाठी तो खरोखरच दोन्ही हात कापून घेतो आणि परत येतो तो तिची किळस नाहीशी झालेली असून ती दुसऱ्याच्या मिठीत आहे, हे पाहण्यासाठी. त्या क्षणी हसण्यातून रडण्याकडे जाणारा चेनीचा चेहरा ज्याने पाहिला, त्याला मूकपटात काही उणे होते असे वाटणार नाही. त्यातील नायिका जोन क्रॉफर्ड त्या वेळी नवखी होती. एकाग्रता म्हणजे काय हे आपण चेनीकडे पाहून शिकलो, असे तिने पुढे कृतज्ञतेने सांगितले.

खाजगी जीवनात तो प्रसिद्धीपासून दूर राहिला. मेजवान्या टाळून तो सिएरा नेव्हाडाच्या डोंगरात मासेमारीला जाई. बोलपट आल्यावर त्याने बराच काळ आवाज देण्याचे टाळले. अखेर ‘द अनहोली थ्री’ या आपल्याच १९२५ च्या मूकपटाच्या नव्या आवृत्तीत त्याने शब्दभ्रमकार, म्हातारी, बाहुला, पोपट आणि तरुणी असे पाच आवाज काढले. ते सारे आपलेच आहेत, असे शपथपत्रही त्याने करून दिले. १९३० च्या जुलैत चित्रपट झळकला आणि ऑगस्टमध्ये तो गेला. ज्या ‘ड्रॅक्युला’साठी त्याचे नाव घेतले जात होते, तो १९३१ साली बेला लुगोसीला अमर करून गेला. ग्लेंडेलच्या फॉरेस्ट लॉन स्मशानभूमीत वडिलांशेजारी चेनीला चिरविश्रांती मिळाली. त्याच्या जागेवर नाव कोरलेले नाही.

त्याच्या मृत्युपत्रात क्लीव्हासाठी केवळ एक डॉलर होता. पडद्यावर कुरूप, पांगळ्या, अपमानित माणसांसाठी प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या या कलावंताला आवाज गमावलेल्या आपल्या पहिल्या पत्नीला मात्र क्षमा करता आली नाही. मुलाने नट होऊ नये, अशी त्याची इच्छा होती. वडिलांच्या निधनानंतर क्रेटन चित्रपटांत आला आणि १९३५ पासून लॉन चेनी ज्युनियर हे नाव त्याने नाइलाजाने स्वीकारले. १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’ने त्याला कीर्ती दिली, पण पित्याची सावली त्याच्यावरून कधी हटली नाही.

चेनीने सुमारे दीडशे चित्रपटांत काम केले. त्यांपैकी शंभरावर आज नष्ट झाले आहेत. ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ची शेवटची ज्ञात प्रत १९६५ साली एमजीएमच्या भांडारातील आगीत जळून गेली. २००२ साली उरलेल्या छायाचित्रांवरून त्या चित्रपटाची रूपरेषा तेवढी उभी करण्यात आली. जे शिल्लक आहे, त्यातील बहुतेकांत संवाद नाहीत, रंग नाहीत, तांत्रिक करामतीही फारशा नाहीत. आहे तो एका माणसाचा चेहरा. ऐकू न येणाऱ्या आईला दिवसभराची हकिकत सांगणाऱ्या मुलाने तो घडविला होता, आणि म्हणूनच तो शब्दांवाचून आजही समजतो.