हेमाडपंताची कचेरी

परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी हे गाव लागते. तेथील नृसिंहाचे देऊळ मराठवाड्यात सर्वांच्या परिचयाचे आहे. हे देऊळ कोणी बांधले, असे तेथील भाविकास विचारले तर उत्तर ठरलेले असते : हेमाडपंताने. चुन्याचा आधार न घेता घडीव दगडावर घडीव दगड बसविलेले कोणतेही जुने देऊळ दिसले की ते हेमाडपंती, असा आपला सरसकट हिशेब आहे. या हिशेबात अंबरनाथचे शिवालयही येते. ते तर १०६० सालचे, म्हणजे हेमाद्रीच्या कारकीर्दीपूर्वी दोनशे वर्षे उभे राहिलेले! लोकांनी त्याच्या नावावर इतके दगड रचले आहेत की त्याखाली मूळ माणूस झाकून गेला आहे. हा माणूस कचेरीतला होता. कामाची विभागणी, क्रम आणि नोंद हे त्याचे खरे बांधकाम.

कामाची आखणी कशी करावी, हे शिकविण्याचा आज एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. तासातासाचे रकाने छापलेल्या दैनंदिन्या, भ्रमणध्वनीवर घंटा वाजवून आठवण देणाऱ्या याद्या, महत्त्वाचे आणि तातडीचे यांचे चौकोन आखून देणारी पुस्तके, यांचा बाजार तेजीत आहे. आखणी ही ज्याच्या त्याच्या खाजगी शिस्तीची बाब आहे, असे या साऱ्यात गृहीत धरलेले असते. हेमाद्रीचे चरित्र पाहिले म्हणजे हे गृहीत तोकडे वाटू लागते. त्याने आखून दिले ते मुख्यतः इतरांचे दिवस. आणि इतरांचे दिवस जो आखतो, त्याच्या कामाचा जमाखर्च निराळ्या वहीत मांडावा लागतो.

हेमाद्री हा वत्सगोत्री ब्राह्मण. पिता कामदेव, आजा वासुदेव, पणजा वामन. देवगिरीच्या यादवांपैकी महादेवरायाच्या कारकीर्दीत (१२६१ ते १२७१) तो उदयास आला आणि पुढे रामचंद्ररायाच्या काळातही अधिकारावर राहिला. त्याच्या ग्रंथांत त्याला श्रीकरणाधिप म्हटले आहे. करण म्हणजे लेखनाची कचेरी. आपल्या कुलकर्णी या शब्दात तेच करण दडलेले आहे. राज्यातील सर्व लिहिणाऱ्यांचा वरिष्ठ, असे त्याचे पद होते. रामचंद्राच्या १२७२ च्या ठाणे येथील ताम्रपटात तो सर्व करणांचा अधिपती म्हणून येतोच. शिवाय गजदळावरील माहुतांचा अध्यक्ष आणि झाडीमंडळ जिंकणारा म्हणूनही येतो. लेखणी, हत्ती आणि मोहीम अशी तीन खाती एका माणसाकडे!

एवढ्या व्यापात त्याच्या नावावर ग्रंथसंभार केवढा आहे हे पाहिले म्हणजे आजच्या व्यग्र माणसाने खाली मान घालावी. धर्मशास्त्रावरील चतुर्वर्गचिंतामणी, वाग्भटाच्या अष्टांगहृदयावरील आयुर्वेदरसायन ही टीका, आणि बोपदेवाच्या मुक्ताफलावरील कैवल्यदीपिका. चतुर्वर्गचिंतामणीची योजना व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष अशी पाच खंडांची. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १८७३ पासून हा ग्रंथ छापावयास घेतला, तेव्हा एकेका खंडाचा विस्तार पाहून विद्वानही चकित झाले. रा. गो. भांडारकरांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिताना यादवांची वंशावळ जुळविली, ती याच ग्रंथाच्या आरंभी जोडलेल्या राजप्रशस्तीच्या आधारे.

हत्तींचा कारभार पाहणारा मंत्री रात्री दिव्याशी बसून शेकडो ग्रंथांतील वचने स्वहस्ते उतरवून घेत असेल, हे मला संभवनीय वाटत नाही. हे काम विभागून झाले असणार. एकाने पुराणे पाहावीत, दुसऱ्याने स्मृती, तिसऱ्याने वचने विषयवार लावावीत आणि मुख्याने योजना ठरवून निर्णय द्यावा, ही कचेरीचीच पद्धत झाली. ॲडम स्मिथने टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण १७७६ मध्ये दिले म्हणून श्रमविभागणी तेव्हापासून सुरू झाली, असे आमचे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात. त्यांनी हा ग्रंथ एकदा पाहावा. त्याच्या आश्रयास असलेला बोपदेव हाही मांडणीचाच पंडित. मुग्धबोध या व्याकरणात त्याने पाणिनीचा पसारा आटोपता केला, मुक्ताफलात भागवतातील श्लोक रसांनुसार लावले, आणि हरिलीला म्हणून भागवताचे जे सार हेमाद्रीसाठी रचले, त्याचे स्वरूप जवळजवळ अनुक्रमणिकेचे आहे. कार्यमग्न मंत्र्यास अठरा हजार श्लोकांच्या ग्रंथातले हवे ते स्थळ चटकन सापडावे, ही सोय त्यामागे असावी.

व्रतखंडाची रचना तर पाहण्यासारखी आहे. प्रतिपदेची व्रते आधी, मग द्वितीयेची, मग तृतीयेची. तिथी संपल्या की वारांची, नक्षत्रांची आणि पुढची. कोणीही यावे, आजची तिथी सांगावी आणि आज काय करावयाचे ते पाहावे. विखुरलेले ज्ञान दिवसाच्या क्रमाने लावून देणे ही साधी करामत नव्हे. आजच्या कोणत्याही दैनंदिनीचा पाया हाच आहे.

परंतु या ग्रंथातील व्रतांची संख्या दोन हजारांच्या घरात जाते, असे अभ्यासक सांगतात. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. एका गृहस्थाने ती सर्व करावीत असा ग्रंथकर्त्याचा आग्रह नाही. हा संग्रह आहे, आज्ञापत्र नव्हे. तरीही राजाच्या कचेरीतून असा संग्रह निघतो तेव्हा समाजाच्या वेळापत्रकावर त्याचा भार पडतोच. उपवास कोणी धरावयाचा, नैवेद्य कोणी रांधावयाचा, दक्षिणा कोणाच्या घरातून निघावयाची? उपवास आणि रांधणे बहुतेक घरांत स्त्रीच्या वाट्यास आले, आणि धान्याची कणगी रिती झाली ती कुणब्याची. वेळेची बचत करणारी पद्धत कोणाच्या वेळेवर उभी आहे, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, आणि येथे तो टाळता येत नाही. त्याच काळात, त्याच गोदाकाठी चक्रधरस्वामी स्त्रीशूद्रांना मराठीत धर्म सांगत होते आणि या कर्मकांडातून त्यांना मोकळे करीत होते. महानुभाव परंपरेने चक्रधरांच्या छळाचा दोष हेमाद्रीच्या माथी ठेवला आहे. ते साहित्य एका बाजूचे आहे हे खरे. पण दुखावलेल्यांची स्मृती म्हणून ते बाजूस सारता येणार नाही.

हेमाद्रीचे नाव ज्या दुसऱ्या कामाशी जोडले जाते ते अधिक लौकिक आहे. मेस्तक म्हणजे कारकुनांसाठी नियमांची पुस्तिका : कोणास पत्र लिहिताना कोणता मायना घालावा, हिशेब कसा मांडावा, कोणत्या अधिकाऱ्याने काय पाहावे. हाती असलेल्या हेमाडपंती मेस्तकाच्या प्रती पुष्कळ नंतरच्या आहेत आणि त्यांत पिढ्यापिढ्यांनी भर घातलेली आहे. मोडी लिपीचेही तसेच. ती त्याने लंकेहून आणली ही निव्वळ आख्यायिका. परंतु ओळ आधी आखून घ्यावी आणि हात फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जावे, ही युक्ती कचेरीतल्या घाईतून जन्मलेली आहे, यात संशय नाही. मेस्तक आणि मोडी यांचा हेतू एकच : असामान्य बुद्धीवाचून, सामान्य कारकुनाच्या हातून काम नीट व्हावे. त्या श्रेयासाठी लोकांना एक नाव हवे होते आणि त्यांनी श्रीकरणाधिपाचे नाव निवडले. ही निवड मला चुकीची वाटत नाही.

अशी कचेरी असलेल्या राज्याचे पुढे काय झाले? १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी अकस्मात देवगिरीवर आला. सैन्याचा मोठा भाग राजपुत्रासमवेत दूर होता. रामचंद्रराय किल्ल्यात शिरला. सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या दरबारात बसून इतिहास लिहिणारा फिरिश्ता सांगतो की, व्यापाऱ्यांनी कोकणातून आणलेली पोती धान्याची समजून घाईने गडावर नेण्यात आली. वेढ्यात ती उघडली तेव्हा आत मीठ निघाले. तीनशे वर्षांनंतर लिहिलेली ही हकीकत अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. पण कोठाराचा हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाने ती ध्यानात धरावी अशी आहे. पोत्यांची मोजदाद बरोबर असेल, वहीतली ओळ सरळ असेल, अक्षर वळणदार असेल. पोते मात्र कोणी उघडले नव्हते. आपल्या योजनांच्या प्रगतिपत्रकांत शंभर टक्के उद्दिष्टपूर्ती वाचताना मला पुष्कळदा हे मीठ आठवते.

१३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपले. राजे बदलले, कचेरीच्या शब्दांत फारसीची भर पडली, पण गावचा कुलकर्णी आपल्या वहीवर ओळ आखून मोडी लिहीतच राहिला. शिवकालात, पेशवाईत आणि इंग्रजी अमदानीतही ती चालली आणि विसाव्या शतकात बाळबोधीपुढे मागे पडली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा अभिलेखागारांतील जुनी दप्तरे पुन्हा उघडली गेली. उर्दू जाणणारे हवे होते, तसेच मोडी जाणणारेही हवे होते. एखाद्या कुटुंबाचा शिक्षणाचा आणि नोकरीचा हक्क कोण्या अनाम कारकुनाने घाईत लिहिलेल्या एका शब्दावर येऊन ठेपला होता, आणि तो शब्द वाचू शकणारी माणसे तालुक्यातालुक्यांत शोधावी लागत होती.